प्लास्टिकची विमानं: लाडकं किट कोणतं, डोकं उठवणारं कोणतं?

ओझरकर_७७ | १२ जुलै, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी.

बाबा १९६९ साली ओझरच्या एचएएलच्या विमान कारखान्यात फिटर म्हणून लागले. मिग-२१ चा एफएल प्रकार, ज्याला कारखान्यात टाइप ७७ म्हणत, त्याच्या पंखांच्या जोडणीवर त्यांची पहिली वर्षं गेली. २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला मिग-२१ ला निरोप दिला, तो कार्यक्रम त्यांनी टीव्हीसमोर उभं राहून पाहिला. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. त्याच रात्री ठरवलं, यांच्यासाठी एक एफएल बांधायचं. १/७२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याचं, आपल्या वायुदलाच्या खुणांचं.

किट, म्हणजे जोडायच्या प्लास्टिकच्या भागांचं खोकं, आलं, कामाला लागलो, आणि अडकलो. धडाला पंख लावले तर डावीकडे मिलिमीटरभर फट, उजवीकडे त्याच्या निम्मी. नाकाची कडी धडापेक्षा जाड. पुट्टी भरली, घासली, वाळली आणि तडकली. असं तीनदा झालं. आता विमान खोक्यात आहे आणि खोकं कपाटावर. कंपनीचं नाव घेत नाही. तुम्हीही त्रास देणाऱ्या किटच्या कंपनीचं नाव नाही घेतलंत तरी चालेल, त्रास नेमका कसला होता ते सांगा. लाडक्या किटचं नाव मात्र जरूर घ्या.

विचारायचं हे: असलं किट पुरं करावं, की सोडून दुसरं आणावं? पुरं केलंच तर कॅनोपी, म्हणजे वैमानिकावरचं पारदर्शक झाकण, बाजूला उघडी ठेवून आत वैमानिक बसवायचा विचार आहे.

द्राक्षबाग | १२ जुलै, रात्री १०.५८

दुसरं आणा. आठवड्यात रविवार एकच असतो.

देवळालीकर | १२ जुलै, रात्री ११.१५

ओझरकर, थांबा! कॅनोपी बाजूला चिकटवू नका. बाजूला उघडणारी कॅनोपी नंतरच्या मिग-२१ ना आली: एम, बिस वगैरे. त्यांत पुढची काच जागेवर राहते आणि मागचा भाग उजवीकडे कलंडतो. एफएलची अख्खी कॅनोपी काचेसकट पुढच्या बाजूला उचलली जायची. बाबांना विचारून खात्री करा, ते लगेच सांगतील.

ओझरकर_७७ | १३ जुलै, सकाळी ७.०५

देवळालीकर, शतशः धन्यवाद. चहाच्या वेळी बाबांना विचारलं. बोलले काहीच नाहीत, हाताचा पंजा उताणा धरून पुढे उचलून दाखवला. तुमचं बरोबर आहे.

मीनल_दातवाली | १३ जुलै, दुपारी २.२०

लाडकं किट सांगते: टामियाचं १/४८ स्पिटफायर मार्क १, २०१८ मध्ये आलेलं नवं. पंख धडाला लावले तेव्हा आवाज आला, बारीकसा ‘टक’. मी नुसतीच बघत बसले. गोंदाची बाटली उघडलीसुद्धा नव्हती. जोड विमानाच्या खऱ्या पत्र्याच्या रेषेवरच येतो, त्यामुळे तो लपवायचं कामच उरत नाही.

डोकं उठवणारं किट दोन पंखांचं होतं, पहिल्या महायुद्धातलं. वरचा पंख खालच्यावर तोलायला आठ काड्या आणि एकीलाही नीट खाच नाही. सात बसवल्या की आठवी निसटायची. शेवटी दातांच्या पक्क्या साच्याला वापरतो ते प्लास्टर कालवलं, त्यात खालचा पंख आडवा बसवला आणि पुठ्ठ्याचा सांगाडा करून वरचा पंख वर धरला. मग सगळ्या काड्या एकाच बैठकीत लागल्या. पुरं केलं, आणि दवाखान्यात ठेवलंय. लहान मुलं खुर्चीवर बसायला घाबरली की तेच दाखवते.

ओझरकरदादा, माझं मत पुरं करा असं आहे. आणि दातवाल्यांकडची बोथट झालेली जुनी हत्यारं मागून घ्या. पॅनेल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या रेघा, पुन्हा कोरायला त्यांच्यासारखं काही नाही.

टूलरूम_अंबड | १३ जुलै, रात्री ९.३०

मी अंबडला टूलरूममध्ये आहे. रोज डाय, म्हणजे साचे, बनवतो, त्यामुळे किट हातात आलं की आधी स्प्रू, म्हणजे भाग जिला लागून येतात ती चौकट, पाहतो. थोडं लांबेल, पण किट त्रास का देतं हे कळलं तर राग निम्मा होतो.

डायचे दोन अर्धे असतात. दाबाखाली वितळलेलं पॉलिस्टायरीन आत जातं, थंड होतं, डाय उघडते आणि इजेक्टर पिना भाग बाहेर ढकलतात. कॉकपिटमध्ये किंवा चाकांच्या दारांच्या आत गोल ठसे दिसतात ते या पिनांचे. दोन अर्धे झिजले किंवा मशीनचा दाब कमी पडला तर फटीतून प्लास्टिक पाझरतं, तोच फ्लॅश. भाग एका जागी जाड असेल तर तो सावकाश थंड होतो, आकसतो आणि वर खळगा पडतो, त्याला सिंक मार्क म्हणतात. आणि भाग गरम असतानाच बाहेर काढला तर वाकतो. ओझरकर, तुमच्या एका बाजूची फट दुसरीच्या दुप्पट आहे, म्हणजे बहुतेक पंख किंवा धड वाकलेलं आहे. नुसत्या पुट्टीने ते सुटणार नाही. सपाट काचेवर पंख ठेवून पाहा, कुठे हलतो ते कळेल.

आता छोट्या कंपन्यांची गोष्ट. पोलादाची डाय लाखो भाग काढते, पण तिचा खर्च फार. ज्या विमानाला गिऱ्हाईक कमी, त्यासाठी कमी टिकणारी मऊ डाय करतात. तिच्यातून जाड गेट (भाग चौकटीला जोडणारे दांडे) येतात आणि भाग जुळवायच्या पिना बहुतेक नसतातच. असलं किट जुळवावं लागतं, आपोआप जुळत नाही. भारतीय एफएलसारखा विषय बहुतेक याच वाटेने येतो.

आणखी एक. जुन्या किटवर पॅनेल लाइन उंच का असतात? डायच्या पोलादात रेघ कोरणं सोपं, आणि डायमध्ये कोरलेली रेघ प्लास्टिकवर उठून येते. प्लास्टिकवर खोल रेघ हवी तर डायमध्ये केसाएवढी उंच कड ठेवावी लागते, म्हणजे बाकीचं सगळं पोलाद काढायचं. हे काम स्पार्किंग (विजेच्या ठिणग्यांनी पोलाद झिजवणं) आणि पुढे सीएनसी (संगणकावर चालणारी यंत्रं) आल्यावर आवाक्यात आलं. म्हणून जुन्या कारागिरांना नावं ठेवताना मला वाईट वाटतं. हाताने उलटा आकार कोरायचे लोक ते.

माझं लाडकं: एदुआर्डचं १/४८ मिग-२१. स्प्रूवर रिव्हेटांच्या ओळी पाहिल्या आणि डाय डोळ्यांसमोर आली. चेक प्रजासत्ताकातल्या त्या डायवाल्याला भेटायची इच्छा आहे.

सिन्नरकर | १३ जुलै, रात्री ९.५२

टूलरूम साहेब, प्रतिसाद वहीत उतरवून घेतला. इजेक्टर पिनेच्या ठशाला मी आजवर वैमानिकाचं आसन बसवायची जागा समजत होतो. आता सगळी आसनं उचकटायला लागणार. 😀

जेलरोड_जुना | १४ जुलै, सकाळी ११.१०

माझं लाडकं एअरफिक्सचं १/७२ स्पिटफायर, लाल खोक्यातलं छोटं. एअरफिक्सने पहिलं विमान १९५३ साली काढलं, तेही स्पिटफायरच. नवं किट अर्थातच त्याहून कितीतरी चांगलं आहे.

भाच्याला गेल्या दिवाळीत हेच दिलं. वय अकरा. त्याने विचारलं, मामा, १/७२ च का, १/७० का नाही? इंचाचा हिशेब समजावला: एक इंच म्हणजे सहा फूट, सहा फुटी माणूस या मापात एक इंचाचा होतो. तसंच १/४८ म्हणजे इंचाला चार फूट. लगेच पट्टी घेऊन वैमानिक मोजायला बसला. दोन दिवसांत विमान तयार. रंग हातानेच दिला, कॅनोपीवर बोटांचे ठसे उमटले, पण वर्गात घेऊन गेला. पहिलं किट असं जुळणारंच असावं. ओझरकरांसारखं किट अकरा वर्षांच्या मुलाला दिलं असतं तर पुन्हा त्याने हात लावला नसता. द्राक्षबाग यांच्याशी एवढ्यापुरता सहमत.

रिव्हेटमोजे | १४ जुलै, दुपारी ४.४५

थोडं अवांतर, पण नाशिककरांनी हे वाचाच. सुखोई-३० एमकेआय आपल्या ओझरला बांधलं, म्हणून बरेच जण ‘सुखोई-३०’ लिहिलेलं पहिलं खोकं उचलतात. कॉकपिटशेजारी पुढे दोन छोटे पंख, कनार्ड, आहेत का ते आधी बघा. नसतील तर ते एमकेआय नव्हे. १९९७ मध्ये लोहगावला जी पहिली सुखोई-३० आली त्यांना कनार्ड नव्हते, इंजिनांची नळकांडीही वळत नव्हती. तीच बनवायची असतील तर गोष्ट वेगळी.

झ्वेझ्दाचं १/७२ सुखोई-३० एसएम हे माझं लाडकं. एसएम हे रशियाने एमकेआयवरूनच बेतलेलं, त्यामुळे आकार जवळजवळ तोच. लांबी तीस सेंटीमीटरच्या आसपास भरते, तेव्हा फळी आधी मोजून घ्या. भारतीय डिकॅल, म्हणजे विमानावर चिकटवायच्या खुणांची चित्रं, वेगळे आणावे लागतात. कॉकपिटमधले फरक ज्याला दाखवायचे त्याने दाखवावेत, मी दाखवतो.

मीनल_दातवाली | १४ जुलै, सायंकाळी ६.०२

रिव्हेटमोजे, कॉकपिटमध्ये डोकावणार कोण? काच बंद केली की आतला रंगही धड दिसत नाही.

रिव्हेटमोजे | १४ जुलै, सायंकाळी ६.३०

ताई, मला माहीत असतं की आत काय आहे. मला तेवढं पुरतं.

निफाडची_थंडी | १५ जुलै, सकाळी ८.१५

ओझरकर, पुरं करा की सोडा हे नंतर बघू, पण आत्ता पावसात रंगाला हात लावू नका. मागच्या जुलैत मी हंटरवर लॅकरचं वार्निश फवारलं. दहा मिनिटांत अख्खं विमान दुधाळ. लॅकरमधला थिनर भराभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं बाष्प त्यावर बसतं. थिनरमध्ये रिटार्डर घातला की उडणं मंदावतं, थोडा फरक पडतो. मी आता आषाढ-श्रावणात फक्त कापणं, घासणं, जोडणं करते. रंग दसऱ्यानंतर. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत एवढी थंडी पडते की रंगाचा डबा कोमट पाण्यात धरावा लागतो, पण वार्निश आरशासारखं बसतं.

पिवळ्या पडलेल्या डिकॅलसाठी त्याच दिवसांतलं ऊन वापरा. कागद पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवायचा. दोन आठवड्यांत पिवळेपणा बराच उतरतो. डिकॅल लावायच्या आधी पृष्ठभाग चकचकीत हवा, खरबरीत रंगावर खाली हवा अडकते आणि फिल्म चंदेरी दिसते.

टाऊनशिपमधला_मुलगा | १५ जुलै, रात्री १०.२०

धागा वाचून चाळीस वर्षं मागे गेलो. ओझर टाऊनशिपमध्ये रशियन तंत्रज्ञांची कुटुंबं राहायची. त्यांतल्या एका मुलाने मायदेशी परत जाताना मला विमानाचं एक पाकीट दिलं. वर रशियन अक्षरं, आत राखाडी भाग आणि सूचनांचा पातळ कागद. भाषा येत नव्हती, पण चित्रातले बाण कळत होते. गोंद नव्हता. बाबांच्या ओळखीच्या रंगाऱ्याकडून थिनर आणला, त्यात प्लास्टिकचे तुकडे विरघळवून त्याचाच गोंद केला. पंख उलटे लागले आणि तसेच राहिले.

खूप वर्षांनी कळलं की ते नोवोचं किट होतं. फ्रॉग नावाची जुनी ब्रिटिश कंपनी होती, १९३० च्या दशकापासून १/७२ मध्ये विमानं काढणारी. तिच्या बऱ्याच डाय १९७० च्या दशकाच्या शेवटी सोव्हिएत संघात गेल्या, त्यांतून नोवोची किट निघाली. म्हणजे इंग्रजांची डाय, रशियन प्लास्टिक आणि रंगाऱ्याचा थिनर. आजही तो वास आला की मला टाऊनशिपचा जिना आठवतो. तेच माझं सगळ्यात लाडकं किट, आणि त्याच्या एका भागालाही दुसरा भाग नीट बसत नव्हता.

सराफबाजार | १६ जुलै, दुपारी १.००

घरात चांदीचं काम. एफएल नैसर्गिक धातूच्या रंगात करणार असाल तर एक सांगतो. चांदीला उजाळा देताना आधी ओरखडे काढतात, कारण चकाकी ओरखडा लपवत नाही, उलट दाखवते. विमानाचंही तेच. पुट्टीची जागा नखाने चाचपून पाहा. डोळ्याला दिसणार नाही ते नखाला लागतं. बारीक पॉलिश पेपर ओला करून फिरवा, मग चकचकीत काळा रंग द्या, तो पूर्ण वाळू द्या आणि त्यावर ॲल्युमिनियमचे पातळ थर. खालचा काळा जितका गुळगुळीत, तितका वरचा धातू खरा वाटतो. इंजिनाच्या भागातले पत्रे वेगळ्या छटेचे करा, एका रंगात केलेलं विमान खेळणं दिसतं.

गंगापूररोड | १६ जुलै, रात्री ८.४०

नॅटबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. निर्मलजित सिंग सेखों यांनी १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर ज्या विमानातून एकट्याने झुंज दिली, ते एका आसनाचं नॅट. त्यांना परमवीरचक्र मिळालं, वायुदलातलं एकमेव. मला तेच विमान बनवायचं होतं. एअरफिक्सचं नॅट सुबक आहे, पण ते टी.१, दोन आसनांचं, प्रशिक्षणाचं विमान. नाक लांब, मागचं आसन जास्तीचं, पंखही वेगळा. मी धड कापून, प्लास्टिकच्या पट्ट्या लावून, पाठीचा उंचवटा पुट्टीने घडवून एका आसनाचं केलं. आठ महिने लागले. बारकाईने पाहिलं तर चुका सापडतील. पण त्या किटने मला नॅट शिकवलं. मोजमापं शोधली, फोटो शोधले, पंख कुठून सुरू होतो ते कळलं. चांगल्या किटने मला कधी काही विचारलं नाही.

ओझरकर, सोडू नका.

द्राक्षबाग | १६ जुलै, रात्री ९.०५

गंगापूररोड, ते तुम्ही स्वतःहून कापलं. ओझरकरांना किटने न विचारता छळलं आहे. फरक आहे. मी अजूनही दुसरं आणा म्हणतो. बाबा ७७ च्या आसपास असतील, त्यांना विमान हातात हवंय, कपाटावर नको.

टूलरूम_अंबड | १६ जुलै, रात्री ९.४८

द्राक्षबाग यांचा हा मुद्दा मात्र मला पटला. मी फक्त दोष कुठून आला एवढंच सांगत होतो, वेळेचा विचार केला नव्हता. ओझरकर, काचेवर पंख ठेवून पाहिला का?

ओझरकर_७७ | १९ जुलै, रात्री ११.३०

उशिरा लिहितोय, माफ करा. बरंच काही घडलं.

टूलरूम साहेब, पंख काचेवर ठेवला. डावा पंख टोकाशी उचललेला होता. मी टेबलावर हे करत असताना बाबा मागे येऊन उभे राहिले. द्राक्षबाग, तुमचा प्रतिसाद मी त्यांना वाचून दाखवला होता, आणि दुसरं किट मागवायचं मनात पक्कं झालं होतं. बाबांनी खोकं खाली घ्यायला लावलं.

चष्मा पुसून त्यांनी फट बघितली. विचारलं, ही किती? म्हटलं, मिलिमीटर. ते म्हणाले, मग खऱ्यावर सात सेंटीमीटर झाले. एवढं आमच्याकडे कधी नव्हतं. थोडा वेळ फिरवून पाहिलं आणि विचारलं, यात काय भरलंस? पुट्टी, म्हणालो. तेव्हा त्यांनी मला जे सांगितलं ते मी या घरात चाळीस वर्षं राहून ऐकलं नव्हतं.

दोन भाग जोडताना बारीक फट राहायचीच. ती भरायची नसते, तिथे शिम लावायची: हव्या त्या जाडीचा पातळ पत्रा. आधी फीलर गेजने फट मोजायची, एका ठिकाणी नाही, पाच-सहा ठिकाणी, कारण ती सगळीकडे सारखी नसते. मग शिम घासून उतरती करायची आणि बसवून बोल्ट आवळायचा. फटीसकट आवळलं तर जोड खेचून बसतो आणि तो ताण पुढे कुठेतरी बाहेर येतो. तुझी पुट्टी म्हणूनच तडकते, म्हणाले. पंख दाबून चिकटवलायस, तो परत वर यायला बघतोय.

काल दिवसभर आम्ही दोघं बसलो. जुना जोड सोडवला. पंख गरम पाण्यात धरून वाकवून काचेवर सरळ केला. मग पाव मिलिमीटरची प्लास्टिक शीट आणली आणि शिमा बाबांनी कापल्या. हात थोडा थरथरतो, पण ब्लेड कागदावर टेकलं की थांबतो. डावीकडे तीन थर, मागच्या टोकाकडे उतरते. उजवीकडे एकच. बसवून पंख लावला, दाबायला लागला नाही. पातळ गोंद फटीला ब्रशने टेकवला आणि तो स्वतःच आत ओढला गेला.

नाकाची कडी मात्र त्यांनी मला करायला लावली. कारखान्यात ते माझं शॉप नव्हतं, म्हणाले.

मीनल_दातवाली | २० जुलै, सकाळी ६.५०

आज दवाखाना उशिरा उघडणार. आधी हे दोनदा वाचते.

द्राक्षबाग | २० जुलै, सकाळी ७.३०

माझं मत मागे घेतो. काकांना नमस्कार सांगा.

टूलरूम_अंबड | २० जुलै, सकाळी ८.४०

पाच-सहा ठिकाणी मोजायची. हे आज आमच्या नव्या मुलांना सांगणार आहे. ओझरकर, काका परवानगी देत असतील तर एका रविवारी भेटायला यायचं आहे. माझा एदुआर्डचा मिग घेऊन येईन, त्यांना रिव्हेटच्या ओळी दाखवायच्या आहेत.

देवळालीकर | २० जुलै, सकाळी ९.१५

मीही येतो. नाकात वजन भरलंत ना? कडी बंद झाल्यावर वाव नाही, आणि मग विमान शेपटीवर बसेल.

ओझरकर_७७ | २० जुलै, रात्री १०.००

वजन भरलं, शिशाचे छर्रे, नाकातल्या शंकूच्या मागे. टूलरूम साहेब, देवळालीकर, कुठल्याही रविवारी या, बाबा घरीच असतात. त्यांनी एकच विचारलंय, एदुआर्डच्या त्या मिगची कॅनोपी कुठल्या बाजूला उघडते.

निफाडताई, रंग दसऱ्यानंतरच. तोवर प्राइमरशिवाय तसंच टेबलावर आहे, खोक्यात परत घातलं नाही. डाव्या पंखाच्या मुळाशी शिमेची पांढरी रेघ दिसते. बाबा म्हणतात, रंग द्यायच्या आधी तिचा एक फोटो काढून ठेव.

सराफबाजार | २० जुलै, रात्री १०.२५

काढा आणि इथे टाका. आणि नखाने चाचपायला विसरू नका.